आमच्या लग्नावर लोकांचं मतदान नको, तुमचं मत सांगा

प्रति,
पुणे शहर आणि जिल्ह्यातले सर्व आमदार आणि खासदार,

सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात एका शनिवारी सकाळी मी आणि माझी जोडीदार, आम्ही दोघी, एका लोकप्रतिनिधींच्या जनसंपर्क कार्यालयात निवेदन घेऊन गेलो होतो. समलिंगी जोडप्यांच्या लग्नाला कायद्याने मान्यता द्या असं दोन पानी निवेदन, रात्री जागून लिहिलेलं. आमच्या आधी ड्रेनेजलाइनवाले होते, अकरावीच्या अ‍ॅडमिशनवाले होते, तासाभराने आमचा नंबर लागला. साहेब चांगलं बोलले हे मुद्दाम लिहितेय, चहा दिला, कुणी हसलं नाही, कुणी वाकडं बोललं नाही. निवेदन शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाले, "ताई, माझं पर्सनल काहीच म्हणणं नाही हो. पण हा लोकांचा विषय आहे. ते ऑस्ट्रेलियात कसं मतदान घेतलं, तसं आपल्याकडेही एकदा लोकांचं मत घेतलं पाहिजे. लोक हो म्हणाले की आम्ही आहोतच."

मी तिथे काहीच बोलू शकले नाही. बाहेर येऊन गाडीला किक मारेपर्यंत सुद्धा काही सुचलं नाही. पण तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाहीये, म्हणून हे पत्र. त्या साहेबांचं नाव लिहीत नाही कारण भांडण त्यांच्याशी नाहीये, हेच उत्तर थोड्याफार फरकाने सगळ्याच पक्षांचे लोक देतात. म्हणून पत्र तुम्हा सगळ्यांना, आणि उघड, म्हणजे ज्यांचं मत घ्यायचं म्हणताय ते लोकही वाचतील.

साहेबांनी ऑस्ट्रेलियाचं नाव घेतलं. त्या मतदानाच्या वेळी मी तिथे होते.

आम्ही दोघी २०१३ पासून एकत्र आहोत. त्याच वर्षी ११ डिसेंबरला सुप्रीम कोर्टाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम परत आणलं होतं, दिल्ली हायकोर्टाने २००९ मध्ये दिलेला दिलासा गेला होता, म्हणजे आमची सुरुवातच तिथून. मी हिंजवडीत आयटीत, ती शाळेत शिकवते, नववी-दहावीला. २०१७ मध्ये कंपनीने मला प्रोजेक्टसाठी मेलबर्नला पाठवलं आणि मी पोचल्यावर महिन्याभरातच तिकडे घरोघरी पोस्टाने पाकिटं यायला लागली. आत एक कागद, त्यावर एकच प्रश्न, समलिंगी जोडप्यांना लग्न करता यावं म्हणून कायदा बदलावा का, हो किंवा नाही. तिथे एरवी निवडणुकीला मतदान सक्तीचं असतं, हे मात्र ऐच्छिक होतं आणि त्याचा निकाल संसदेवर बंधनकारक पण नव्हता. म्हणजे कायदा शेवटी खासदारांनीच करायचा होता, तो ते लोकांना न विचारता आधीही करू शकत होते. साधारण आठ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर या सगळ्यावर खर्च झाले.

माझ्या घरमालकीणबाई सत्तरीच्या होत्या. त्यांनी ते पाकीट फ्रिजवर मॅग्नेटने लावून ठेवलं होतं आणि रोज सकाळी मी दूध काढायला गेले की ते पाकीट समोर दिसायचं. एक दिवस त्यांनी चहा पिता पिता विचारलं, तुमच्याकडे भारतात लोक काय म्हणतात याबद्दल, तुला काय वाटतं, मी काय भरू. त्या प्रेमळ होत्या, त्यांना काहीच माहीत नव्हतं. त्या क्षणी मला जे झालं ते मी आजपर्यंत कोणाला नीट सांगू शकलेले नाही. मी दुसऱ्याच्या किचनमध्ये उभी आहे आणि माझ्या आयुष्याबद्दलचा प्रश्न एका फ्रिजवर लटकतोय आणि मी त्या बाईंना विनंती करतेय की "हो" भरा, आणि का ते सांगत नाहीये. मी फक्त एवढंच म्हणाले, माझी एक जवळची मैत्रीण आहे, तिच्यासाठी हो भरा. पुण्यात जिच्याशी मी रोज रात्री व्हिडिओ कॉलवर बोलत होते तिला मी मैत्रीण म्हणाले. अजून त्याचं वाईट वाटतं.

पुढचे दोन महिने तसेच गेले. ट्रॅममध्ये, ऑफिसच्या पॅन्ट्रीत, टीव्हीवर, सगळीकडे तोच विषय. ही लग्नं झाली तर मुलांचं काय होईल, शाळेत काय शिकवतील, सिडनीत तर विमानाने आभाळात धुराने "नाही म्हणा" लिहिलं होतं, त्याचे फोटो माझ्या ऑफिसमध्ये फिरत होते. बाजूने बोलणारेही खूप होते, खिडक्यांवर इंद्रधनुष्यी झेंडे होते. पण साहेब, तुम्ही एकदा कल्पना करा की तुमचं आणि वहिनींचं लग्न खरं की खोटं यावर दोन महिने शहरभर चर्चा चाललीये आणि तुम्ही रोज त्याच शहरात भाजी आणायला जाताय. मी ट्रॅममध्ये बसले की समोरच्या माणसांकडे बघायचे आणि मनात यायचं, यातल्या कोणी काय भरलं असेल.

१५ नोव्हेंबरला निकाल. मी ऑफिसमधून अर्धा दिवस सुट्टी काढून स्टेट लायब्ररीसमोर गेले, तिथे तोबा गर्दी होती. ६१.६ टक्के हो. लोक रडत होते, अनोळखी माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती, माझ्या शेजारी दोन म्हातारे गृहस्थ एकमेकांचा हात धरून नुसते उभे होते. मीही रडले. आनंद झालाच, तो खोटा नव्हता, आणि डिसेंबरात तिथल्या संसदेने कायदा पण केला. पण रात्री घरी आल्यावर राहिला तो दुसरा आकडा. ३८.४ टक्के. पाकीट परत पाठवणाऱ्या शंभरातल्या अडतीस जणांनी मुद्दाम पेन घेऊन "नाही" वर खूण केली आणि पोस्टात टाकलं. जिंकलेल्या मतदानात सुद्धा हा आकडा आम्हाला आयुष्यभर पुरतो. हरलेल्या मतदानाचं काय होत असेल.

आणि हरतातच की. कॅलिफोर्नियात २००८ च्या मे महिन्यात कोर्टाने लग्नाची वाट मोकळी केली होती, नोव्हेंबरात मतदानाने ती बंद केली, मधल्या काळात ज्यांनी लग्नं केली ते लोक निकालाच्या रात्री टीव्हीसमोर बसून काय बघत असतील. स्लोव्हेनियाच्या संसदेने २०१५ मध्ये कायदा केला, लोकांच्या मतदानाने तो पाडला, मग २०२२ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने तोच हक्क दिला, म्हणजे मधली सात वर्षं गेली ती गेलीच. तैवानमध्ये तर न्यायालयाने २०१७ मध्ये हक्क मान्य केल्यावर २०१८ मध्ये मतदान झालं, लोक विरोधात गेले आणि तरी २०१९ च्या मे महिन्यात कायदा झाला. मग ते मतदान कशासाठी झालं? आयर्लंडचं उदाहरण पण कोणीतरी देईल, २०१५, ६२ टक्के हो. पण आयर्लंडमध्ये राज्यघटना बदलायची तर लोकांचं मत घ्यावंच लागतं, त्यांच्या घटनेतच तसं आहे. आपल्या घटनेत कायद्यावर सार्वमत घ्यायची सोयच नाही. त्यामुळे "लोकांचं मत घेऊ" याचा अर्थ पुण्यात तरी एकच होतो, काही करायचं नाही.

सार्वमत वाईटच असं मी म्हणत नाही. १९६७ मध्ये गोव्यात सार्वमत झालं, महाराष्ट्रात यायचं की वेगळं राहायचं, ते बरोबरच होतं, कारण तिथे गोव्याच्या लोकांनी गोव्याबद्दल ठरवलं. इथे माझ्या लग्नाबद्दल कोण ठरवणार? ज्यांचं लग्न आधीच झालंय ते. त्यांना यात द्यायचंही काही नाही आणि त्यांचं जाणारही काही नाही. माझ्या समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंचं लग्न माझ्या लग्नाने पावभर पण कमी होणार नाहीये.

मी कर्वेनगरमध्ये राहते. रोज ज्यांच्या नावाच्या रस्त्याने जाते त्या अण्णांनी, म्हणजे महर्षी कर्व्यांनी, १८९३ मध्ये विधवेशी, बायांशी, लग्न केलं तर मुरुडने त्यांना वाळीत टाकलं, पुण्यातही कमी ऐकावं लागलं नाही. तेव्हा मतदान घेतलं असतं तर काय निकाल लागला असता हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. पण अण्णांचं लग्न कायदेशीर होतं, कारण त्याच्या आधी ३७ वर्षं, १८५६ मध्येच, विधवा पुनर्विवाहाचा कायदा झाला होता. त्या कायद्याच्या विरोधात सरकारकडे गेलेल्या अर्जांवर बाजूच्या अर्जांपेक्षा कितीतरी जास्त सह्या होत्या. सह्या मोजून ठरवलं असतं तर बाया कर्वेंचं लग्न झालं नसतं आणि बायकांच्या शिक्षणाची हिंगण्याची संस्था उभी राहिली असती का मला माहीत नाही. समाज आधी तयार होतो आणि कायदा मागून येतो असं तुम्ही लोक नेहमी म्हणता, माझ्या घरापासून दहा मिनिटांवर त्याच्या उलट उदाहरण उभं आहे आणि आज त्याचा सगळ्या पुण्याला अभिमान आहे. हिंदू कोड बिलाचं पण तेच. बाबासाहेबांनी १९५१ मध्ये त्या बिलावरून राजीनामा दिला, त्यांनी कुठे म्हटलं की बायकांना वाटा द्यायचा की नाही हे गावोगाव हात वर करून ठरवा.

आता कोर्टाचं. १७ ऑक्टोबर २०२३ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी सांगितलं की लग्न हा मूलभूत हक्क म्हणून आम्हाला देता येत नाही, कायदा करणं हे संसदेचं आणि विधिमंडळांचं काम आहे. त्या दिवशी आम्ही दोघींनी रजा टाकली होती, सकाळपासून मोबाइलवर लाइव्ह बघत होतो, दुपारी जेवलो नाही. ९ जानेवारी २०२५ ला पुनर्विचार याचिका पण फेटाळल्या. म्हणजे कोर्ट म्हणतं आमदार-खासदारांकडे जा, आणि आमदार-खासदार म्हणतात लोकांकडे जा. आम्ही बारा वर्षांच्या संसारानंतर कोणाकोणाचे उंबरे झिजवायचे?

आणि तुम्हाला विचारलं गेलं नव्हतं असंही नाही. २०२३ च्या एप्रिलमध्ये केस चालू असताना केंद्राने सगळ्या राज्यांना पत्र पाठवून मत मागवलं होतं. सात राज्यांनी उत्तर दिलं. राजस्थान, आंध्र आणि आसाम विरोधात गेले, पटो न पटो, निदान बोलले. आपल्या महाराष्ट्राचं उत्तर काय होतं? यावर सखोल चर्चा करावी लागेल, वेळ लागेल. ठीक आहे. मग ती चर्चा कधी झाली? कोणत्या अधिवेशनात? मी शोधलं, मला सापडली नाही. त्याच महिन्यात बार कौन्सिल ऑफ इंडियाने, म्हणजे वकिलांच्या शिखर संस्थेने, ठरावात लिहून टाकलं की देशातले ९९.९ टक्के लोक याच्या विरोधात आहेत. मला कोणी विचारलं नाही, आईला नाही, सोसायटीत कोणाला नाही. लोकांच्या नावावर असे आकडे खपतात कारण ज्यांना लोकांनी निवडून दिलंय ते गप्प बसतात.

आमचं नक्की काय अडतं ते पण लिहिते, कारण निवेदन द्यायला गेलो त्या दिवशी कार्यालयात "पण तुम्ही राहताच की एकत्र, अडतंय कुठे" असं एका कार्यकर्त्याने अगदी साधेपणाने विचारलं होतं.

पहिलं म्हणजे हॉस्पिटल. तीन वर्षांपूर्वी रात्री साडेअकराला तिच्या पोटात दुखायला लागलं, अपेंडिक्स, लगेच ऑपरेशन करावं लागणार होतं. शहरातल्याच एका हॉस्पिटलमध्ये गेलो. फॉर्मवर रुग्णाशी नातं असा रकाना असतो. मी "जोडीदार" लिहिलं तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला म्हणजे काय मॅडम, बहीण का? मी म्हटलं नाही. मग त्याने वर फोन केला, वरून कोणीतरी आलं, आणि म्हणाले ब्लड रिलेशनमधलं कोणी बोलवा. तिचा भाऊ कराडला. त्याला रात्री बाराला उठवलं, तो बिचारा गाडी काढून निघाला, पहाटे तीनला पोचला, त्याने सही केली. मधले तीन तास ती स्ट्रेचरवर कण्हत होती, शुद्धीत होती, स्वतः सही करते म्हणत होती, तरी नातेवाईक हवाच म्हणून अडून बसले आणि मी तिचं ब्लड ग्रुपपासून कोणत्या गोळीची अ‍ॅलर्जी आहे तिथपर्यंत सगळं सांगत होते. सगळं मला माहीत होतं, फक्त सही चालत नव्हती. भावाने दुसऱ्या दिवशी माझी माफी मागितली, त्याची काय चूक.

दुसरं घर. फ्लॅट माझ्या एकटीच्या नावावर आहे कारण दोघींना मिळून कर्ज द्यायला बँक तयार झाली नाही. हप्ता निम्मा ती भरते. उद्या मी तिला निम्मं घर बक्षीसपत्राने द्यायचं म्हटलं तर महाराष्ट्रात नवऱ्याला, बायकोला किंवा मुलाला राहतं घर दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये, आणि तिला द्यायचं तर खरेदीखतासारखं बाजारभावावर पूर्ण, म्हणजे लाखात. वर आयकराच्या हिशेबात ती माझी नातेवाईक नाही, म्हणून ५०,००० च्या वरची भेट तिचं उत्पन्न धरली जाणार. मृत्युपत्र केलंय, रजिस्टर केलंय, तरी मनात धाकधूक असते की उद्या माझ्या चुलत्यांपैकी कोणी उभं राहिलं तर.

तिसरं, २०२४ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने सांगितलं की आमच्यासारख्यांना जॉइंट अकाउंट उघडायला, जोडीदाराला नॉमिनी करायला कसलीही आडकाठी नाही. रेशनकार्डाला एकच कुटुंब धरा म्हणून सांगितलं. राज्यांच्या आरोग्य खात्यांना पत्र गेलं की जवळचे नातेवाईक नसतील तर जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेऊ द्या. मी ती पत्रकं प्रिंट काढून फोल्डरमध्ये ठेवली आहेत. बँकेत दाखवली, मॅनेजर म्हणाल्या आमच्याकडे असं काही आलेलं नाही. मृतदेहाचं पत्रक मी फोल्डरमध्ये सगळ्यात मागे ठेवलंय, ते दोघींपैकी कोणाला कधी दाखवावं लागेल याचा विचार करवत नाही.

आणि चौथं, मी हे पत्र नाव न लिहिता लिहितेय. माझ्या ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे, मला अडचण नाही. पण तिची शाळा आहे, पालक आहेत, एखाद्याने तक्रार केली तर तिच्या बाजूने उभा राहील असा एकही कागद तिच्याकडे नाही. तुमचं ते मतदान जर झालंच तर तिच्याच वर्गात पंधरा वर्षांची मुलं घरातलं ऐकून येऊन त्यावर बोलतील आणि त्या पन्नास मुलांत एखादा किंवा एखादी तरी असेल जी आमच्यासारखी आहे आणि खाली मान घालून ऐकतेय. माझ्या जोडीदाराला माहीत असतं ते मूल कोणतं, शिक्षकाला कळतं. तिला त्या पोराची काळजी वाटते, स्वतःपेक्षा जास्त.

आता मागण्या. साध्या आहेत.

एक, तुम्ही प्रत्येकाने, नाव लिहून, जाहीर सांगा की समलिंगी जोडप्यांच्या लग्नाच्या कायद्याच्या बाजूने आहात की विरोधात. विरोधात असाल तर तसं सांगा, मी तुम्हाला शिव्या घालणार नाही, पुढच्या निवडणुकीत मत देताना लक्षात ठेवीन एवढंच. पण "लोक ठरवतील" हे उत्तर नको. आम्ही तुम्हाला ठरवायलाच निवडून दिलंय.

दोन, आमदारांनी हे दिल्लीचं काम आहे असं म्हणू नये. लग्न आणि घटस्फोट हा विषय समवर्ती सूचीत आहे, राज्यालाही कायदा करता येतो. तामिळनाडूने १९६७ मध्ये हिंदू विवाह कायद्यात दुरुस्ती करून पुरोहिताशिवाय झालेल्या स्वाभिमान विवाहांना मान्यता दिली होती. आणि आपल्याकडे तर जोतीरावांनी त्याच्या कितीतरी आधी सत्यशोधक लग्नं लावली. २०२३ मध्ये केंद्राला कळवलेली ती सखोल चर्चा येत्या अधिवेशनात विधानसभेत ठेवा.

तीन, लग्नाचा कायदा होईपर्यंत जे मुंबईत बसून करता येतं ते करा. सगळ्या हॉस्पिटलांना, खाजगी धरून, जोडीदाराची सही चालेल असा जीआर काढा आणि तो काउंटरच्या भिंतीवर मराठीत लावायला सांगा. मुद्रांक शुल्काची ती २०० रुपयांची सवलत सोबत राहणाऱ्या जोडीदारालाही द्या, तो राज्याचा कायदा आहे, त्याला कोणालाही विचारावं लागत नाही.

चार, खासदारांसाठी. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती करणारं खाजगी विधेयक १ एप्रिल २०२२ ला लोकसभेत मांडलं गेलं होतं, ते आपल्याच जिल्ह्यातल्या, बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी मांडलं होतं. २०२४ मध्ये ती लोकसभा विसर्जित झाली आणि ते विधेयकही संपलं. मसुदा तयार आहे. पक्ष बघू नका, ते परत मांडा आणि त्यावर चर्चा मागा.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी आम्ही दोघी तेच निवेदन घेऊन त्याच कार्यालयात परत येणार आहोत, आणि यावेळी आई पण येणार आहे, ती ७१ वर्षांची आहे आणि तिला या शहरातल्या सगळ्या निवडणुकांत मतदान केल्याचा अभिमान आहे. मागच्या वेळी निवेदन ठेवून घेतलं पण पोच दिली नाही, सही-शिक्का असलेला माणूस बाहेर गेलाय म्हणाले. आम्ही थांबू, पोच घेऊनच जाऊ.

कळावे,
कर्वेनगरमधली एक मतदार, आणि तिच्या घरातली दुसरी